एकच कॅबिनेट की दोन? गेमिंग + होम लॅब, इंदूर

रामबागकर
चोवीस तास चालणारा घरचा सर्व्हर (जाहिराती अडवायला पाय-होल, घरातली स्मार्ट उपकरणं चालवायला होम असिस्टंट, फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन) आणि संध्याकाळचं १४४०पी गेमिंग. एवढ्यासाठी दोन मशिनी घेणं म्हणजे दोन बोर्ड, दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि दुप्पट धूळ. माझं मत, एकच घ्या. रायझन ९ ७९००, बी६५० बोर्ड, ६४ जीबी रॅम, आरटीएक्स ४०७०, ८ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत). खाली प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिनी चालवणारी प्रणाली), विंडोज अशाच एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम), ग्राफिक्स कार्ड पासथ्रू, म्हणजे थेट त्या व्हीएमच्या ताब्यात. ज्यांना पटत नसेल त्यांनी आकडे घेऊन यावं.

सुदामानगरची
घ्या आकडे. ही मशीन नुसती बसली तरी प्लगपाशी ७५ वॅटच्या आसपास खाणार. ७२० तासांचे झाले ५४ युनिट. २० वॅटची छोटी मशीन साडेचौदा युनिटांत महिना काढते. फरक ४० युनिटांचा. ७ रुपये धरले तर महिन्याला २८०. पण खरी मेख वेगळीच आहे. अटल गृह ज्योतीत (मध्य प्रदेशची वीज सवलत योजना) महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. थंडीत ज्यांचं बिल ११०-१२० युनिटांवर येतं, त्यांची सवलत हे ५४ युनिट सरळ खाऊन टाकतील.

शिवाय व्हॅलोरंट व्हीएममध्ये चालतच नाही, त्याचं व्हॅनगार्ड (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) अडवतं. व्हीएम लपवायच्या युक्त्या करायला गेलात तर खातं बॅन व्हायची भीती.

नारायणबाग_४२
ताई, व्हॅलोरंटचं मान्य. घरात कोणी ते खेळत असेल तर हा धागा इथेच संपला. एकट्याने खेळायच्या गेमांना मात्र पासथ्रू झकास चालतं. एनव्हिडियाने २०२१ मध्ये ४६५ च्या ड्रायव्हरपासून घरगुती कार्डांनाही परवानगी दिली, तेव्हापासून व्हीएममध्ये कार्ड चालू न देणाऱ्या ‘कोड ४३’ एररचा छळ गेला.

लोक अडकतात ते इथे : बायोसमध्ये एसव्हीएम (व्हीएम चालवायची सोय) आणि आयओएमएमयू (उपकरणं व्हीएमला वेगळी काढून द्यायची सोय) चालू करा, आणि पहिला डिस्प्ले प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ठेवा. नाहीतर होस्ट (खालचं प्रॉक्समॉक्स) बूट होतानाच मोठं कार्ड बळकावतो आणि व्हीएम काळी स्क्रीन दाखवते. कार्डासोबत त्याचं ऑडिओ डिव्हाइसही द्यायचं, दोघं एकाच आयओएमएमयू गटात असतात, आणि गट अख्खाच द्यावा लागतो. विंडोजची एनव्हीएमई एसएसडी द्यायची असेल तर ती प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ खाचेत लावा. चिपसेटवरची खाच बी६५० वर बहुधा लॅन आणि साटासोबत (डिस्कची जोडणी) एकाच गटात येते. ती देऊ गेलात की होस्टचं नेटवर्कच जातं. त्यावर एसीएस ओव्हरराइड सुचवणारे भेटतील. त्याने गट फक्त कागदावर वेगळे होतात, विलगीकरण खरं राहत नाही.

७९०० मध्ये ६-६ कोअरचे दोन चिपलेट (प्रोसेसरचे वेगळे तुकडे) आहेत, प्रत्येकाची ३२ एमबी एल३ कॅश वेगळी. गेमच्या व्हीएमला एक अख्खा चिपलेट पिन करा, म्हणजे राखून ठेवा. ३-३ असे वाटलेत तर फ्रेम अडखळतात, आणि लोक शिव्या कार्डाला घालतात.

सुदामानगरची
आणि व्हीएम बंद असताना? ड्रायव्हरच नाही म्हणून कित्येक कार्डं खालच्या पॉवर स्थितीत जातच नाहीत. म्हणजे माझे ७५ वॅटसुद्धा सौम्यच धरलेत.

नारायणबाग_४२
हो, तेवढं खरं. ड्रायव्हर टाकलेली एक छोटी लिनक्स व्हीएम त्या वेळात चालू ठेवतात लोक. जुगाडच, पण चालतो.

जुना_इंदुरी
रॅमचं कोणी बोललंच नाही. ६४ जीबी म्हणजे ३२ च्या दोन स्टिक. ‘खाने भरून टाकू’ म्हणून १६ च्या चार लावू नका. रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, चारला थेट ३६००. पुढे वाढवायचं असेल तर आताच ४८ च्या दोन घ्या. पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमध्ये स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. त्यात घाबरून बटण दाबू नका.

डिस्क सीएमआरच घ्या, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको. झेडएफएसमध्ये (मिरर सांभाळणारी फाइल सिस्टिम) एसएमआर डिस्क बदलायची वेळ आली की रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) रखडत बसतो. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लिहून ठेवा.

आणि इन्व्हर्टर! मागचं बटण ‘इको’वर असेल तर लाइट जाताच मशीन रीस्टार्ट. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, इकोवरचा इन्व्हर्टर त्याहून जास्त घेऊ शकतो. बटण ‘यूपीएस’वर करा. वेगळा यूपीएस घेत असाल तर व्हीएवर जाऊ नका, वॅट वाचा : ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६०च वॅट. प्रोसेसरचे ८८, कार्डाचे २००, वर बोर्ड, पंखे, डिस्क आणि मॉनिटर. गेम चालू असताना वीज गेली तर तो टीं टीं करून बसणार.

रामबागकर
विजेच्या मुद्द्यावर हरलो. दुसरा मुद्दा माझाच, डीएनएसचा : घराचं डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधणारी सेवा) पाय-होलवरच चालतं. बायोस अपडेट करताना अख्ख्या घराचं नेट जाणं परवडत नाही. मग एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) ची मिनी पीसी घेऊन पाय-होल, होम असिस्टंट, जेलीफिन तिच्यावर टाकतो. पण डिस्क? तिच्यात दोन ३.५ इंची बसत नाहीत, आणि यूएसबीच्या खोक्यावर झेडएफएस मी लावणार नाही. डिस्क मोठ्या मशीनमध्ये ठेवल्या तर ती चालूच राहिली. ताई, तुमचे ४० युनिट वाचले कुठे?

सुदामानगरची
म्हणून मिनी पीसी नकोच. ऑफिसातून निघालेला आय५-८५०० चा सेकंडहँड टॉवर बघा : ६ कोअर, क्विकसिंक (प्रोसेसरमधलं व्हिडिओ इंजिन) आहे, एचईव्हीसी व्हिडिओ सहज उलगडतो, फक्त एव्ही१ फॉरमॅट नाही. पातळ मॉडेल घेऊ नका, त्यात ३.५ ची बहुधा एकच जागा असते. घेण्याआधी झाकण उघडून बघा : या डब्यांत बऱ्याचदा नेहमीचा २४ पिनी कनेक्टर नसतो, साटाची पॉवरही बोर्डातूनच निघते. एसएमपीएस गेला तर त्याच कंपनीचा शोधावा लागतो. दोन डिस्कपुरत्या पॉवर वायरी आत आहेत का, हे दुकानातच मोजा.