मदत हवी आहे: आईची केमो चालू असताना लिंगझी (रेशी) ही औषधी अळंबी द्यावी का?

आई सांगलीत असते, वय ६८. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता कॅपेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लाटिन अशी केमो चालू आहे. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ करायची गोळी आधीपासूनच आहे.

मी सिंगापूरला. ऑफिसातल्या एका चिनी बाईंनी आईचं कळल्यावर फार मायेने लिंगझीचं पाकीट आणून दिलं. त्यांच्या आईंना केमोत त्याने तरतरी यायची म्हणे. तिकडे सांगलीत नात्यातल्या एकांनी याच अळंबीच्या कॅप्सूल आणून दिल्यात आणि वर सांगितलंय, "केमोने नुसतं अंग जळतं, हे घ्या." आईने अजून एकही घेतलेली नाही. "तू सांगशील तसं" म्हणते, आणि त्यामुळेच मला झोप लागत नाहीये.

पाकिटात वाळवलेले काप आहेत, चांगलेच कडक, वरची कड तांबूस आणि चकचकीत. एक काप उकळून पाहिला तर पाणी गडद तपकिरी झालं आणि चव काडेकिराइताच्या वरताण कडू.

वाचून जे हाती लागलं ते असं. 'शेन्नोंग बेनत्साओ जिंग' या चीनमधल्या हान काळातल्या (साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या) औषधग्रंथात लिंगझीचे सहा रंग दिलेत आणि ती वरच्या वर्गातल्या, म्हणजे दीर्घकाळ घेता येणाऱ्या, औषधांत आहे. पण तांबड्या लिंगझीचे गुण म्हणून तिथे छातीतला अवरोध, हृदयाचं बळ, स्मरणशक्ती असं येतं. कॅप्सूलच्या पत्रकावरचं "दोन हजार वर्षं कॅन्सरवर सिद्ध" कुठून आलं, ते मला तरी सापडलं नाही.

आधुनिक बाजूला कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा सापडला, २०१२ चा, २०१६ मध्ये सुधारलेला. पाच चाचण्या, मिळून ३७३ रुग्ण. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला लिंगझी दिली तेव्हा उपचारांना प्रतिसाद थोडा बरा दिसला. नुसत्या लिंगझीने गाठ आटोक्यात आल्याचं दिसलं नाही, आणि रुग्ण जास्त जगले का याची माहितीच नाही. जपानमध्ये मात्र युन्झी (टर्की टेल) अळंबीपासून काढलेलं पीएसके हे औषध १९७७ मध्ये मंजूर झालं. जठराच्या कॅन्सरच्या २६२ रुग्णांवरची १९९४ ची चाचणी वाचली: ऑपरेशननंतर केमोसोबत पीएसके मिळालेल्यांपैकी ७३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, नुसती केमो घेतलेल्यांपैकी ६०. हा फरक वाचून जीव गुंततोच.

तर विचारायचंय हे: केमो आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना काढा किंवा कॅप्सूल कुणी घेतली आहे का? डॉक्टरांपुढे विषय कसा काढू? आणि नातेवाइकांना न दुखावता कसं थांबवू?

शेवंती: ताई, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. आत्ता काहीही सुरू करू नका. ऑक्सॅलिप्लाटिनने प्लेटलेट्स उतरतात, त्यात पातळ करायची गोळी आहेच, आणि लिंगझीनेही रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. तिन्ही एकत्र म्हणजे रक्तस्रावाची भीती.

दुसरं म्हणजे लिव्हर. हाँगकाँग (२००४) आणि थायलंड (२००७) इथल्या नोंदी आहेत. तिथले रुग्ण आधी लिंगझीचा उकळलेला काढा घेत होते, पावडरवर गेल्यावर लिव्हर बिघडलं, थायलंडच्या रुग्णाचा तर मृत्यू झाला. अशा केसेस विरळाच, पण पारंपरिक काढा आणि डबीतली पावडर एकच समजू नये एवढं त्यातून नक्की कळतं. कॅपेसिटाबिन चालू असताना लिव्हर टेस्ट बिघडली तर दोष कशाचा ते ठरवताना डॉक्टरही गोंधळतील, आणि केमो पुढे ढकलली जाईल.

डॉक्टरांना आडून विचारू नका. डबीच्या चारही बाजूंचे फोटो आणि चालू औषधांची यादी समोर ठेवा. ओपीडीत घाई असते, फोटो पाहिला की लगेच मुद्द्यावर येतात.

मेतकूट: शेवंतीताईंशी सहमत. आणखी एक. लिंगझीच्या स्पोअरची (बीजाणूंची) पावडर घेणाऱ्या पोटाच्या-आतड्याच्या कॅन्सरच्या पाच रुग्णांमध्ये सीए ७२-४ हा मार्कर (कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो घटक) वाढल्याची चिनी डॉक्टरांची नोंद आहे, आणि पावडर थांबवल्यावर तो उतरला. आजार उलटला असं वाटून घरच्यांचं काय झालं असेल! तुमच्याकडे ही टेस्ट करत असतील तर लक्षात असू द्या.

डबीत काय आहे हाही प्रश्नच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये छापून आली, त्यातले जेमतेम ५ लेबलप्रमाणे खरे निघाले. धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (अळंबीचे मुळांसारखे तंतू) धान्यासकट दळलं की स्टार्चच भरपूर येतो. लेबलवर नुसतं 'पॉलिसॅकराइड' असेल तर त्यात स्टार्चही मोजला जातो, बीटा-ग्लुकान (अळंबीतलं खास पॉलिसॅकराइड) वेगळं दिलंय का ते बघा. आणि पीएसके म्हणजे शुद्ध केलेला अर्क होता, टर्की टेलची पावडर त्याच्या जागी धरता येत नाही.

थोडं अवांतर: कोकणात फणसाच्या झाडावरचं फणसअळंबे उगाळून तोंड आलेल्या बाळाला लावतात. चीनमधलं तुतीवरचं सांगहुआंग त्याच्याच गोतावळ्यातलं.

टेकडीवरचा: नातेवाइकांचं मी सांगतो, आमच्या घरी हेच झालं. वाद घालू नका. "डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत बाहेरचं सगळं बंद ठेवायला सांगितलंय, डबी जपून ठेवली आहे," एवढंच म्हणा. डॉक्टरांचं नाव पुढे केलं की माणसं ऐकतात. मात्र "केमोपेक्षा हे बरं" असं आईंच्या कानावर पुन्हा गेलं, तर त्याच क्षणी स्पष्ट बोला. कंटाळलेल्या पेशंटच्या मनात ते रुतून बसतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला आत्ताच फोन केला, कॅप्सूल कपाटात गेल्या आणि फोटो आले. लेबलवर बीटा-ग्लुकानचा उल्लेखच नाही. पुढच्या ओपीडीला तो यादी घेऊन जाईल. सहकारी बाईंना मी खरं काय ते सांगितलं, त्यांनीच विचारलं, "आई रक्त पातळ करायचं काही घेते का? मग नकोच."

एक राहिलं. ऑक्सॅलिप्लाटिनने आईच्या हातापायांना मुंग्या येतात, फ्रिजमधलं काही धरवत नाही आणि तोंडाची चव पार गेली आहे. डॉक्टरांशी बोलणं होईलच, पण अशा वेळी तुमच्या घरी खाण्यापिण्यात काय चाललं?