गुणांचा तक्ता: वर्ग कळतो की नुसता रंगतो?

मधली सुट्टी

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, पट 24. गेली दोन वर्षं मी चाचणीचे गुण एक्सेलमध्ये भरते. परवा शिक्षण परिषदेत यावरून चांगलीच जुंपली आणि चहा आल्यामुळे अर्धवट राहिली, म्हणून इथे चर्चामंचावर लिहितेय.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी नुसते एकूण गुण भरले आणि सेलना रंग दिले. साठ टक्क्यांच्या वर हिरवा, चाळीसच्या खाली लाल. शीट दिसायला झकास. त्यातून कळलं काय, तर जी पोरं मागं आहेत ती मागं आहेत. हे मला श्रावणातच ठाऊक होतं.

यंदा तक्ता बदलला. ओळीला मूल, रकान्याला प्रश्न. आणि बरोबर-चूक असं 1-0 न लिहिता मुलानं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं. एक प्रश्न होता 503 − 278. उत्तर 225. सात जणांचं बरोबर. नऊ जणांनी लिहिलं 375, चौघांनी 235, उरलेल्या चौघांची चार तऱ्हा. गुण द्यायचे तर सतरा जणांना भोपळा. पण 375 वाले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करतायत. 3 मधून 8 जात नाहीत, म्हणून 8 मधून 3. त्यांच्या डोक्यात हातचा आलेलाच नाही. 235 वाल्यांना हातचा येतो. ते शतक मोडतात, एककाला दहा देतात, फक्त दशकाच्या घरात 9 उरायला हवेत तिथं 10 धरून बसतात. मी त्या आठवड्यात सतराही जणांना हातच्याची वजाबाकी पहिल्यापासून शिकवणार होते. त्या चौघांना आधीच येणारी गोष्ट पुन्हा ऐकावी लागली असती, आणि त्यांची चूक तशीच राहिली असती.

तक्ता शिक्षकाचा स्वतःचा असेल तर तो कामाचा, असं माझं मत. कुणाचं वेगळं असेल तर सांगा.

खडूफळा

वेगळं आहे. 34 वर्षं शिकवून निवृत्त झालो. वही तपासताना 375 दिसलं की लाल पेन तिथंच थांबतं. पोराला टेबलापाशी बोलवायचं, "कसं केलंस रे, मोठ्यानं करून दाखव" म्हणायचं. दोन मिनिटांत निदान. तुम्ही 24 मुलं गुणिले 20 प्रश्न म्हणजे 480 सेल भरल्यात, बाई. तेवढ्यात अख्ख्या वर्गाला एकेक करून बोलावून झालं असतं.

दुसरं म्हणजे कुठलाही तक्ता शाळेत राहत नाही. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना सोन्यासारखी. पहिली-दुसरीला आकारिक (शिकवता शिकवता होणारं) 70, संकलित (सत्राच्या शेवटचं) 30, आणि मुलाकडे बघून लिहायच्या वर्णनात्मक नोंदी. पुढं काय झालं? नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. 'सुवाच्य अक्षरात लेखन करतो' अशी नोंद मी एका मुलाच्या नावापुढं वाचली आहे, तो दीड महिना उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता. मग 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आणि पायाभूत चाचण्या. 2023-24 पासून नियतकालिक चाचण्या, त्यांचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटला भरायचे. दर वेळी कागद पोरासाठी निघतो आणि साहेबापाशी पोचतो.

अपूर्णांक

सर, आदर ठेवून असहमत. मी चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. "नजरेला कळतं हो" हे वाक्य रोज ऐकतो. नजरेला शेवटचं पाहिलेलं आठवतं आणि जे खटकतं ते आठवतं. पहिल्या बाकावरचा आठवतो, खिडकीशी गप्प बसणारी नाही आठवत. तक्त्यात तिचीही ओळ इतरांएवढीच रुंद असते.

1970 च्या दशकात जपानमध्ये ताकाहिरो सातो यांनी एक साधी युक्ती काढली. मुलं वरून खाली गुणांच्या उतरत्या क्रमानं लावायची, प्रश्न डावीकडून उजवीकडे सोप्याकडून अवघडाकडे. सगळे 1 वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. मग वरच्या ओळीत, सोप्या प्रश्नाखाली एकटाच 0 दिसला की तिथं बघायचं. पान उलटायचं राहिलं? ताप होता? आणि एखाद्या रकान्यात वरची मुलं चुकलीत आणि खालची बरोबर आलीत, तर दोष बहुधा प्रश्नात. वह्यांच्या गठ्ठ्यात हे दिसूच शकत नाही. एक्सेलमध्ये दोनदा सॉर्ट केलं की झालं.

(सॉर्ट करताना अख्खा तक्ता निवडा. नुसता एक रकाना निवडलात तर नावं जागच्या जागी राहतात आणि गुण शेजाऱ्याच्या पदरात पडतात. आमच्याकडे एकदा झालंय. नटबोल्टच्या बाबतीत.)

मधली सुट्टी, ऑक्टोबरच्या चाचणीची आणि आताची सरासरी शेजारी शेजारी टाका ना. विषयच संपेल.

मधली सुट्टी

सरासरी मुद्दाम टाकली नाही, कारण ती खोटं बोलते. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोड. ऑक्टोबरला 24 मुलं, वीसपैकी सरासरी 12. मग सहा जणं आईबापांबरोबर फडावर गेली. ती सहा नेमकी तीच, जी दर वर्षी अर्धी शाळा बुडवतात. त्यांची सरासरी होती 7. ती सहा मुलं वगळली की उरलेल्या अठरांची सरासरी बसते 13.7. कुणी एक अक्षर नवं शिकलेलं नाही, वर्ग मात्र 'वर' गेला. उलट गैरहजर मुलांच्या रिकाम्या सेलमध्ये शून्य टाका, लगेच 10.25. एक्सेल रिकामी सेल मोजत नाही, शून्य मोजतं. म्हणजे वर्ग सुधारला की घसरला, हे मी कुठलं बटण दाबते त्यावर.

खडूफळा

अपूर्णांक, हे तुमच्याच बाजूच्या माणसानं सांगितलंय, मी नाही.

अपूर्णांक

मान्य. पण ते खोटं पकडलं कुणी? ज्यांनी शीट उघडली त्यांनीच. तीच सहा मुलं दोन्ही वेळा घ्या किंवा दोन्ही वेळा वगळा, तुलना सरळ होते. दोष मोजण्याच्या रीतीचा आहे, मोजण्याचा नाही. आणि सर, तुमच्या वेळी "यंदाचा वर्ग बरा आहे" असं स्टाफरूममध्ये म्हणायचे ना? तीही सरासरीच, फक्त तपासता न येणारी.

सातवी ब ची आई

मी शिक्षिका नाही. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका संध्याकाळी अशीच रंगीत शीट आली. 46 मुलांची नावं, गुण, रंग. माझ्या मुलाची ओळ लाल. मी बघायच्या आधी त्यानं मित्राच्या फोनवर बघितली होती. दोन दिवस शाळेत गेला नाही, पोटात दुखतंय म्हणाला. शाळेला विचारलं तर उत्तर मिळालं, "पारदर्शकता". 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे, हे मला नंतर कळलं. तुमचं 375 आणि 235 वाचून छान वाटलं, खरंच. पण आमच्यापर्यंत तो भाग कधी येतच नाही. आमच्यापर्यंत रंग येतो.

पीचट्री

अटलांटाजवळ राहतो, म्हणून लिहितो. इथे चाचणीच्या गुणांवर शिक्षकांच्या नोकऱ्या आणि बक्षिसं टांगली होती. 2011 च्या सरकारी चौकशी अहवालात 44 शाळांमधल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलं घरी गेल्यावर चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. 2015 मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. खडूफळा यांची भीती बिनबुडाची नाही. आकड्याला पगार चिकटवला की त्याचं काय होतं ते आम्ही इथे बघितलंय.

गंमत मात्र अशी की हे उघडही आकड्यांनीच पडलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला खोडलेल्या खुणा दिसतात. काही वर्गांत चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं इतकी होती की मुलांनी स्वतःहून तेवढी खोडणं अशक्यच.

खडूफळा

म्हणजे चोरही आकडा आणि पोलीसही आकडा. मधल्या मधे शिकवायचं कुणी?

बरं, मधली सुट्टी, एक विचारतो. निदान झालं, ठीक. त्या 235 वाल्यांचं केलंत काय? कारण तक्त्याच्या पुढं काही होत नाही, हा माझा खरा आक्षेप.

मधली सुट्टी

खेळातल्या नोटा काढल्या. चौघांना पाच शंभराच्या नोटा आणि तीन रुपये सुटे दिले. मी दुकानदार, बिल 278. सुटे हवेत म्हणून एका मुलीनं शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या. मग त्यातली एक दहाची मोडून रुपयाची दहा नाणी. हातात बघितलं आणि म्हणाली, "बाई, इथं नऊच उरल्या की." मी काहीच बोलले नाही. तिनंच वही ओढून 235 खोडलं. चौघांपैकी तिघांचं त्या दिवशी झालं. चौथा अजून कधी 9 धरतो, कधी 10.

375 वाल्या नऊ जणांना नोटांनी भागलं नाही, त्यांना काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागली. तीन आठवडे. सर, तुम्ही म्हणता तसं टेबलापाशी बोलावणंच होतं हे सगळं. कुणाला कुणाबरोबर बोलवायचं, ते शीटनं सांगितलं.

खडूफळा

नोटांना माझा विरोध कधीच नव्हता. मी चिंचोके वापरायचो. 480 सेल अजूनही पटत नाहीत. तो एक प्रश्न कागदावर लिहून काढला असतात तरी भागलं असतं.

अपूर्णांक

कुठला एक प्रश्न, ते आधी कसं कळणार सर?

सातवी ब ची आई

आणि हा तक्ता वरून कुणी मागितला तर, मधली सुट्टी?

मधली सुट्टी

कालच मागणी आलीय. सोबत नमुना. त्यात ओळी नाहीत, प्रश्न नाहीत, उत्तरं तर नाहीतच. इयत्ता, पट आणि 'अध्ययनात मागे असलेले विद्यार्थी' असे तीन रकाने. तिसऱ्यात एकच आकडा भरायचा. फडावर गेलेली सहा मुलं त्यात धरायची की वगळायची, असा मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.