प्लेटलेट 62,000, पण ताप नाही: अहवालातील शेऱ्याबद्दल मार्गदर्शन हवे आहे

माझी आई (वय 67) मुलुंडला आमच्याकडे असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सांगितलेली नेहमीची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली, तर प्लेटलेट 62,000 निघाल्या. दोन वर्षांपूर्वी त्या 2.4 लाख होत्या. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत. मुंबईत ऑगस्टमध्ये प्लेटलेट कमी म्हटले की सगळ्यांच्या तोंडी डेंग्यूच, म्हणून एनएस1 चाचणीही करून घेतली. ती निगेटिव्ह आली. (शेजारच्या काकूंनी आणलेला पपईच्या पानांचा रस आईने मुकाट्याने बेसिनमध्ये ओतला.)

तीन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासले, तेव्हा आकडा 54,000 आला, पण अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत शेरा होता की काचपट्टीवर (सूक्ष्मदर्शकाखाली) प्लेटलेटचे पुंजके दिसत असून सिट्रेटच्या (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) नळीत फेरतपासणी करावी. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते, काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो अख्खा पुंजका प्लेटलेट म्हणून मोजतच नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. वेळ जाईल तसे पुंजके वाढतातही. पहिल्या अहवालावर रक्त घेतल्याची वेळ 7.10 आणि लॅबमध्ये पोहोचल्याची 1.25 छापलेली आहे. दुसऱ्यांदा मात्र आम्ही लॅबमध्येच जाऊन रक्त दिले होते, तरीही आकडा उतरलाच, तेव्हा केवळ उशीर हे कारण नसावे असे मला वाटते.

अडचण अशी की, निळ्या झाकणाच्या सिट्रेटच्या नळीत प्लेटलेट मोजून द्या म्हटले, तर काउंटरवर 'ती नळी पीटी-आयएनआरसाठी असते' (म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणारी चाचणी) एवढेच उत्तर मिळते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नेमके काय लिहावे, म्हणजे लॅब नाही म्हणणार नाही? या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असल्याने आकड्याला 1.1 ने गुणावे लागते असे कळले. तो गुणाकार अहवालात आधीच केलेला असतो, की डॉक्टर करतात? आणि सिट्रेटमध्येही पुंजके झालेच, तर काचपट्टीवरून केलेला अंदाज शस्त्रक्रियेसाठी ग्राह्य धरतात का? नेत्रतज्ज्ञांनी तारीख पुढे ढकलली आहे, त्यामुळे पॅथॉलॉजीतील जाणकारांनी किंवा ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी कृपया सांगावे.