ईडीएस कमी भरतंय? आधी बीम कधी बंद होतो ते बघा
इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (नमुन्यावर इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, मारून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) ऑलिव्हिन या खनिजामध्ये डब्ल्यूडीएसचं (क्ष-किरण तरंगलांबीनुसार मोजणारी पद्धत) निकेल बरोबर आणि सोबतच ईडीएसवर (क्ष-किरण ऊर्जेनुसार मोजणारी पद्धत) घेतलेलं सिलिकॉन-मॅग्नेशियम कमी, असं तुम्ही म्हणताय. मग कॅलिब्रेशनच्या मागे लागण्याआधी घड्याळ तपासा. ईडीएस लाइव्ह टाइमवर (डिटेक्टर मोजायला मोकळा असतो तेवढाच वेळ धरणं) लावलंय ना? ६० सेकंद लाइव्ह, डेड टाइम (आधीच्या क्ष-किरणात डिटेक्टर अडकलेला वेळ) ४० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात १०० सेकंद लागणार. डब्ल्यूडीएसचं पीक-बॅकग्राउंड (पीक आणि त्याच्या आजूबाजूची पातळी) मोजणं ८० सेकंदांत उरकलं की सॉफ्टवेअर बीम ब्लँक, म्हणजे बंद, करून मोकळं! तोवर लाइव्ह झालेत फक्त ४८. उरलेले १२ सेकंद डिटेक्टर काहीच न मिळता मोजत बसतो; बीमच नाही, त्यामुळे डेड टाइम शून्य आणि ते भराभर संपतात. काउंट रेट सरळ २० टक्के खाली. स्टँडर्ड (तुलनेसाठीचे माहीत घटकांचे नमुने) नुसत्या ईडीएसवर, म्हणजे बीम मध्येच बंद न होता, घेतले असतील तर ही तूट टोटलमध्ये (सगळ्या घटकांच्या बेरजेत) दिसणारच.

ईडीएस रिअल टाइमवर (सरळ घड्याळाच्या वेळेवर) टाका, डब्ल्यूडीएसच्या वेळेपेक्षा जरा कमी. लाइव्ह टाइमने भागायचं काम सॉफ्टवेअर करतंच. निकेलसाठी चढवलेल्या बीम करंटमुळे डेड टाइम वाढलाय, तेव्हा प्रोसेस टाइमही (ईडीएस एकेका क्ष-किरणावर घालवतं तो वेळ) उतरवा. रिझोल्यूशन (जवळजवळची पीक वेगळी ओळखण्याची क्षमता) थोडं जाईल, पण सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या या दोन पीकना फरक पडत नाही. मात्र स्टँडर्ड त्याच सेटिंगवर पुन्हा घ्यावे लागतील, तिथे कंटाळा नको.