मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात राहून लेकीला मुडदूस?

मुलगी पावणेदोन वर्षांची. पाय धनुकलीसारखे वाकलेत, मनगटं जाड दिसतात. रक्तात व्हिटॅमिन डी मिलीलीटरला ९ नॅनोग्रॅम आलं. १२च्या खाली म्हणजे कमतरताच. डॉक्टर म्हणाले, डी कमी असलं की आतड्यातून कॅल्शियम-फॉस्फरस नीट शोषलं जात नाही. हाडाच्या टोकाची कूर्चा वाढते, पण तिच्यात क्षार भरत नाहीत, मग अंगाच्या भाराने हाड वाकतं. मे महिन्यात ४५ अंश तापणाऱ्या गावात हे! आजी रोज तिला बाल्कनीच्या बंद काचेआड उन्हात बसवायची. डी बनवणारे किरण काचेतून येतच नाहीत म्हणे. थेंब आणि कॅल्शियम सुरू केलंय. कोणाच्या लेकरांचे पाय असे सरळ झाले का? किती महिने लागले? शेजारच्या काकू खास बूट घाला म्हणतात, मला काही पटत नाही.