सगळी हुशार माणसं एकाच टीममध्ये घ्यावीत का?

चिंचवडकर: नवीन प्रोजेक्टची टीम ठरतेय आणि आमच्या साहेबांचा एकच हट्ट, 'टॉपची माणसं द्या'. मला पटत नाही. टीम कशा चालतात याचा अभ्यास करणारे मेरेडिथ बेल्बिन यांनी १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या हेन्लीच्या मॅनेजमेंट कॉलेजात मॅनेजर लोकांच्या टीम करून त्यांना धंद्याचे खेळ खेळायला लावले. बुद्धीच्या चाचणीत वरचे आलेले एकत्र बसवून २५ टीम केल्या, नाव दिलं 'अपोलो'. त्यातल्या फक्त ३ पहिल्या आल्या. दर खेळात आठ टीम, त्यात सहावा नंबर सगळ्यात जास्त वेळा! एकमेकांचं म्हणणं खोडण्यातच वेळ गेला, कंटाळवाणी पण गरजेची कामं पडून राहिली. कल्पना काढणारा हवा, ती तपासून 'हे चालणार नाही' म्हणणारा हवा, शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत झोप न येणाराही हवा.

शेंगदाणा_चटणी: हवा ना. पण मग एचआरवाले चाचणी घेणार, चार अक्षरं चिकटवणार आणि माणूस जन्मभर 'इंट्रोव्हर्ट'. स्वभावाला असं चार अक्षरांचं लेबल लावणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी बनवणाऱ्या मायलेकींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. याला पत्रिका जुळवणं म्हणतात. गूगलने २०१२ पासून स्वतःच्या १८० टीम तपासल्या. टीममध्ये कोण आहे यातून सूत्र काही निघालं नाही. वेडगळ प्रश्न विचारायची, चूक कबूल करायची भीती वाटते की नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

चिंचवडकर: बेल्बिन आणि मायर्स-ब्रिग्ज यांना एका माळेत ओवू नका. बेल्बिन माणूस टीममध्ये कसा वागतो ते बघतात. त्यांच्या हिशोबात एकाच माणसाला दोन-तीन भूमिका जमू शकतात.

मीरा_ठाणे: वागणं बघतं कोण, ते पण सांगा. मी 'नीटनेटकी', म्हणून मीटिंगचे मिनिट्स, वाढदिवसाचा केक आणि क्लायंटला माफीचा मेल माझ्याकडे. कल्पना सुचवायचं खातं तिघा मुलांकडे. याला आमच्याकडे 'स्ट्रेंग्थप्रमाणे काम' म्हणतात! दर सहा महिन्यांनी भूमिका फिरवणार असाल तर मी तुमच्या बाजूने, नाहीतर नाही.

जुना_इंजिनिअर: वेगळा विचार करणारा टीममध्ये असून भागत नाही. २७ जानेवारी १९८६ ची रात्र, नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आधीची. यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनिअर, त्यात रॉजर बोइजोली पुढे, नासाला सांगत होते की एवढ्या थंडीत ओ-रिंग, म्हणजे रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या, काम करणार नाहीत, उड्डाण नको. नासाने नाराजी दाखवली. तेव्हा कंपनीच्या वरिष्ठाने आपल्याच इंजिनिअरिंग प्रमुखाला सुनावलं, इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला चॅलेंजर फुटलं, सातही जण गेले. शंका काढणारे हजर होतेच की!

चिंचवडकर: काका, हे तर माझ्याच बाजूचं झालं. शेवटचं मत फक्त चार वरिष्ठ मॅनेजरांचं घेतलं. ठरवणारे सगळे एकाच खुर्चीतले.

शेंगदाणा_चटणी: त्यातला एक इंजिनिअरिंग प्रमुखच होता ना? टोपी बदलली की संपलं. तुमच्या साहेबांना एवढंच विचारा, टेस्टर 'रिलीज नको' म्हणाला तर तारीख पुढे जाणार का?

चिंचवडकर: नाही जाणार. टेस्टरच अजून ठरलेला नाहीये, तारीख मात्र क्लायंटला कळवून झालीय.

मीरा_ठाणे: तो मेल कोणी लिहिला?