विरुद्ध रंगाच्या उंटांचा शेवट आणि शिरोवची खेळी

बुद्धिबळात विरुद्ध रंगाचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांतून, दुसऱ्याचा काळ्या घरांतून चालणारा) उरले की एकदोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीतच सुटतो, असे मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण १९९८ मध्ये स्पेनमधील लिनारेस येथे टोपालोव्ह आणि शिरोव या ग्रँडमास्टरांमध्ये झालेला डाव त्याला ठळक अपवाद आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या शिरोवकडे दोन प्यादी जास्त होती, मात्र त्याच्या ई६ (अक्षर उभी पट्टी व आकडा आडवी ओळ दाखवतो) या घरातील राजाला ई४ गाठायचे होते आणि ई५ वर पांढऱ्या उंटाचा मारा असल्याने एफ५ हीच वाट उरली होती, जी त्याच्याच उंटाने अडवली होती. उंट ई४ वर नेला असता तर पांढरा राजा एफ२ वरून ई३ वर वेळेत पोहोचला असता. म्हणून शिरोवने सत्तेचाळिसाव्या खेळीत उंट सरळ एच३ वर बळी दिला! पांढऱ्याचे जी२ वरील प्यादे हा उंट मारण्यात गुंतले आणि काळा राजा एक पाऊल आधी ई४ वर आला. पुढे ए आणि डी पट्टीवरील प्यादी एकट्या उंटाला आवरली नाहीत. त्या काळच्या संगणकांना ही खेळी सहजी सापडत नसे. पटावर दहा मोहरी असल्याने सात मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेसही (मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींची अचूक उत्तरे साठवलेले संच) इथे थेट उत्तर देत नाहीत, त्यामुळे इंजिनाचा (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामचा) स्थितीच्या मूल्यमापनाचा पहिला आकडा पाहून विश्लेषण थांबवू नये.